साडेतीन सामन्यांमागे एक

बेसबॉलच्या बॅटची आणि चेंडूची गाठ पडते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोडा कमी वेळ. चेंडू बॅटवर चपटतो, पुन्हा गोल होतो आणि निघून जातो. आता अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये इचिरो सुझुकीने १९ हंगामांत मारलेले यशस्वी फटके मोजा. तिथल्या भाषेत त्यांना हिट म्हणतात आणि ते भरतात ३,०८९. एका फटक्याला सेकंदाचा पूर्ण हजारावा भाग दिला, तरी त्याच्या बॅटने कामी आलेल्या चेंडूंना स्पर्श केला तो सगळा वेळ मिळून जेमतेम ३ सेकंदांचा. त्याआधी जपानमध्ये मारलेले १,२७८ हिट त्यात मिळवले तरी साडेचार सेकंद होत नाहीत. दोन देशांतले २८ हंगाम, आणि जमेची बाजू साडेचार सेकंद. एवढ्या वेळात बशीतला चहा फुंकूनही होत नाही.

या साडेचारांतले अडीच सेकंद सिअॅटल शहराच्या वाट्याला आले. त्यावर त्या शहराने साडेअकरा वर्षं जीव ओवाळून टाकला. आणि २३ जुलै २०१२ च्या दुपारी सिअॅटल मरिनर्स या त्या शहराच्या क्लबने त्याला दुसऱ्या क्लबाच्या हवाली केलं. वय ३८, लोकांचा लाडका, पण बॅट पूर्वीसारखी चालत नाही, असा एकूण सूर होता. पूर्वीपेक्षा नेमकी किती कमी चालत होती, हे मी एकदा कागदावर मांडायला बसलो आणि उत्तर बघून पेन्सिल खाली ठेवली. ते उत्तर यथावकाश येईलच. आधी थोडी उजळणी हवी, कारण आपण पडलो क्रिकेटवाले.

पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, उभा असतो ६० फूट ६ इंचांवर. तिथून ताशी १५० किलोमीटरच्या पुढे आलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाचा चार दशांश भाग लागतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि गोल बॅट गोल चेंडूवर आणायची. हे इतकं अवघड आहे की दहांपैकी तीन वेळा हिट मिळवणारा माणूस या खेळात उत्तम समजला जातो. सरासरी हजाराच्या मापाने सांगतात. हजारात ३०० म्हणजे मानाचं पान, २५० म्हणजे चारचौघांसारखा, २०० म्हणजे घरी जायची तयारी. इचिरोची मेजर लीगमधली सरासरी हजारात ३११ आहे. अधिकृत हिशेबात तो ९,९३४ वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्यांपैकी ६,८४५ वेळा हिटविना परतला. ६,८४५ वेळा रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला महान म्हणणारा खेळ मनाने मोठाच म्हणायचा.

दुसरी गोष्ट सामन्यांची. मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत आणि प्रत्येकाला सहा महिन्यांत १६२ सामने खेळावे लागतात. नेहमीच्या हंगामात एकूण २,४३० सामने होतात. सचिन तेंडुलकर २४ वर्षांत ६६४ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि आपण त्या आकड्यापुढे हात जोडतो. सिअॅटलचा संघ तेवढे सामने चार हंगाम आणि वर १६ दिवसांत उरकतो. सुट्ट्या मोजक्या, प्रवास अफाट, आणि आज काय घडलं याचा शोक करायला वेळ नाही, कारण उद्या पुन्हा आहेच. अशा रगाड्यात जो खेळाडू वर्षाला २०० हिट काढतो त्याचं नाव होतं. पुढच्या वर्षीही काढले तर लोक टोपी काढतात.

इचिरोने ते लागोपाठ दहा वर्षं केलं. २००१ साली २४२, मग २०८, २१२, २६२, २०६, २२४, २३८, २१३, २२५ आणि २०१० साली २१४. बेरीज २,२४४. त्याच्याआधीचा विक्रम विली कीलरचा, लागोपाठ आठ वर्षांचा, १८९४ ते १९०१ या काळातला. म्हणजे टिळक 'केसरी' चालवत होते तेव्हाचा. तो मोडायला २००९ उजाडावं लागलं.

हा माणूस मुळात आला कुठून? जपानमधल्या नागोयाशेजारच्या तोयोयामा या गावातून. कोबेच्या ऑरिक्स ब्लूवेव्ह क्लबकडून खेळताना १९९४ साली १३० सामन्यांच्या हंगामात त्याने २१० हिट मारले आणि तिथून पुढे सलग सात वर्षं आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम सरासरीचा मान दुसऱ्याला मिळू दिला नाही. २००० साली अमेरिकेला जायचं ठरलं. जपानी क्लबाशी करार असलेल्या खेळाडूशी नुसतं बोलायचं तरी बंद लिफाफ्यात बोली लावावी लागे. सिअॅटलने लावलेली बोली होती १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर. हा पैसा खेळाडूचा नव्हे, त्याच्या जुन्या क्लबाचा. खेळाडूचा पगार वेगळा. आणि हे सगळं कशासाठी, तर तोवर अमेरिकेत कुठल्याही जपानी फलंदाजाने नियमित जागा मिळवलेली नव्हती. पिचर आले होते, पण बॅट घेऊन येणारा सडपातळ जपानी तिथल्या आडदांड पिचरपुढे टिकेल का, याची अमेरिकन पत्रकारांना दाट शंका होती.

त्या वेळी क्लबाचे सर्वांत मोठे मालक होते निन्टेंडोचे हिरोशी यामाउची. त्यांनी १९९२ साली हा क्लब सिअॅटलबाहेर जाऊ नये म्हणून विकत घेतला आणि त्याचा एकही सामना मैदानात जाऊन पाहिला नाही. कोट्यवधी डॉलरचं खेळणं घ्यावं आणि त्याच्याशी कधी खेळू नये, हे व्हिडिओ गेमच्या मालकालाच जमावं.

२००१ च्या एप्रिलमध्ये राइट फील्डमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत उजव्या सीमारेषेच्या आतल्या अंगाला, तो उभा राहिला. दुसऱ्याच आठवड्यात ओकलंडच्या मैदानावर त्याने तिथून तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याने ओळीने गाठायच्या चार थांब्यांपैकी तिसऱ्यावर, केलेली एक फेक अशी सपाट आणि सरळ गेली की धावणारा टेरेन्स लाँग पोचायच्या आधी चेंडू हजर. आजही सिअॅटलमध्ये नुसतं 'ती फेक' म्हटलं की पुरतं. त्या वर्षी त्याची सरासरी हजारात ३५० होती, ५६ बेस त्याने चोरले, म्हणजे कुणाच्या फटक्याची वाट न बघता धावून गाठले, आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी पटकावले. त्याच्याआधी हे फक्त एकाला जमलं होतं, १९७५ साली फ्रेड लिनला. संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. इतके विजय त्याआधी एकदाच झाले होते, १९०६ साली शिकागो कब्सचे.

जपानमध्ये तेव्हा वेगळीच गंमत चालू होती. सिअॅटलला संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की जपानमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजलेले असत. ऐन कामाच्या वेळी कालच्या संध्याकाळचा सामना बघणारा देश मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आता त्या हिटच्या जातीकडे बघू. ३,०८९ पैकी मैदानाबाहेर भिरकावलेले होमरन फक्त ११७. दोन बेसचे ३६२, तीन बेसचे ९६. उरले २,५१४, ते सगळे सिंगल. म्हणजे शंभरातले ८१ फटके एका बेसपुरते. जपानीत 'इचि' म्हणजे एक, आणि तेच अक्षर त्याच्या नावात आहे. नावाला जागणारी माणसं असतात ती अशी.

सिंगल म्हणजे सोपं असं वाटेल, तर पहिला बेस ९० फुटांवर आहे. डावखुरा बॅटर चेंडू मारून तिथे पोचायला साधारण ४.२ सेकंद घेतो. इचिरोला सुमारे ३.७ लागत. फटका पुरा व्हायच्या आतच त्याचं पहिलं पाऊल बेसकडे पडलेलं असे, जणू चेंडूला वाटेत एक टिचकी मारून पुढे निघालाय. ही अर्ध्या सेकंदाची बचत म्हणजे त्याच्या वेगाने १२ फूट. दुसऱ्या कुणी मारलेला जो घरंगळता चेंडू क्षेत्ररक्षक आरामात उचलून फेकतो, तोच इचिरोने मारला की क्षेत्ररक्षकाची धांदल उडायची. हे ९० फूट तो ३,०८९ वेळा हिट म्हणून धावला. गुणाकार केला तर ८४ किलोमीटर आणि ७३७ मीटर. दोन मॅरेथॉन आणि वर ३४७ मीटर, तेही सगळं अंतर जीव खाऊन, तुकड्यातुकड्यांनी. पुढच्या बेसपर्यंतच्या धावा, चोरलेले ५०९ बेस आणि फुकट गेलेल्या दौडी यात धरलेल्याच नाहीत.

या सिंगलांचा पाऊस पडला तो २००४ साली. एका हंगामात सर्वाधिक हिटचा विक्रम होता जॉर्ज सिस्लरचा, १९२० सालचा, २५७ हिटचा. चौऱ्याऐंशी वर्षांत भल्याभल्यांनी प्रयत्न केले, तो हलला नव्हता. १ ऑक्टोबर २००४ रोजी सिअॅटलच्या मैदानात इचिरोने तो ओलांडला तेव्हा सिस्लरची वृद्ध मुलगी प्रेक्षकांत बसलेली होती. इचिरो तिथवर गेला आणि कठड्यापलीकडून तिचा हात हाती घेतला. हंगाम संपला तेव्हा आकडा २६२ वर होता, त्यांपैकी २२५ सिंगल. सरासरी हजारात ३७२.

न्यायाने हेही सांगायला हवं की सिस्लरच्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि इचिरोला १६१ मिळाले. पण सिस्लरला रात्रीच्या दिव्यांखाली खेळावं लागलं नाही आणि वरचेवर ताज्या दमाचा नवा पिचर समोर आला नाही, हेही तितकंच खरं.

या वर्षाचा आणखी एक आकडा आहे आणि तोच मला जास्त छळतो. ज्या वर्षी सिअॅटलच्या एका माणसाने सव्वाशे वर्षांच्या इतिहासातले सर्वाधिक हिट मारले, त्याच वर्षी सिअॅटल १६२ पैकी ९९ सामने हरलं. पुढे २००८ साली १०१ हरलं, २०१० साली पुन्हा १०१. २०११ च्या जुलैमध्ये तर ओळीने १७ सामने गेले. २००१ च्या त्या ११६ विजयांनंतर क्लबाला बाद फेरीचं तोंड परत दिसलं ते थेट २०२२ साली. पेरणारा एकटा राबतोय आणि बांधावर कुणी नाही, असं हे शेत. मग प्रेक्षक मैदानात कशाला येत? तर राइट फील्डच्या मागच्या सज्जात एक बाई दर सामन्याला एक फलक घेऊन बसत. त्यावर इचिरोच्या त्या हंगामातल्या हिटचा आकडा असे. हिट पडला की बाई आकडा बदलत आणि अख्खं मैदान तिकडे बघे. संघ हरो वा जिंको, तो आकडा तरी पुढे जात होता.

पैशाचंही बघून घेऊ, म्हणजे मन शांत होईल. २००७ साली क्लबने त्याच्याशी पुढच्या पाच हंगामांचा ९ कोटी डॉलरचा करार केला. २००८ ते २०१२ या पाच हंगामांत त्याने एकूण १,०१४ हिट मारले. भागाकार करा: एका हिटला ८८,७०० डॉलरच्या वर. डॉलर ५० रुपयांचा धरला तर ४४ लाख रुपये. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा एवढा मोबदला कुठल्या कामाला मिळत असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या पगाराकडे न बघता करावा.

२०११ साली दहा वर्षांत प्रथमच २०० ची रेघ चुकली, हिट १८४ झाले. २०१२ चा जुलै आला तेव्हा ९५ सामन्यांत, ४०२ प्रयत्नांत, हिट होते १०५. सरासरी हजारात २६१. आता तो कागद. पहिल्या दहा वर्षांची त्याची सरासरी होती हजारात ३३१. त्याच दराने ४०२ प्रयत्नांत १३३ हिट व्हायला हवे होते. झाले १०५. तूट २८. पंचाण्णव सामन्यांत २८ म्हणजे साडेतीन सामन्यांमागे एक हिट कमी.

एवढंच. रोज मैदानात येणाऱ्या प्रेक्षकाला हे डोळ्यांनी कळणं अशक्य आहे. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी दोन मारणारा माणूस आता बुधवारीही एकच मारतोय, यात काय दिसणार? कुठे एखादा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यापासून वीतभर लांब जायचा तो आत आला, कुठे बेसवर पाय पडायला पापणी लवण्याइतका उशीर झाला. सुरुवातीचा हिशेब इथेही लावला तर सगळी तूट मिळून २८ सहस्रांश सेकंदांची होते. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. देवपण आणि म्हातारपण यांच्यामधलं अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरलं.

आता त्या जुलैच्या दुपारकडे येऊ. क्लबने त्याला विकून टाकलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठेही पाठवता येत नाही. इचिरोकडे तो नकाराधिकार होता. उलट बदली त्यानेच मागितली. संघात विशीतली पोरं भरली होती, त्यांच्या वाटेत आपण उभं राहू नये असं त्याचं म्हणणं पडलं. करार संपत आला होता आणि क्लबाला तो पुन्हा करणं जड होतं, नाही म्हणणं त्याहून जड. त्याने ती अडचण स्वतःच दूर केली. घरातलं जाणतं माणूस न सांगता बोचकं बांधतं, तसं.

नवा क्लब होता न्यूयॉर्क यँकीज, आणि यँकीज त्या दिवशी सिअॅटलमध्येच खेळायला आले होते. त्यामुळे मेजर लीगमधली ही बहुधा सर्वांत कमी अंतराची मोठी बदली असावी. दुपारी सूट घालून पत्रकारांसमोर निरोप घेतला आणि त्याच इमारतीत, यजमानांच्या खोलीतून पाहुण्यांच्या खोलीत गेला. पाठीवरचा ५१ आकडा बदलून ३१ झाला, कारण यँकीजमध्ये ५१ म्हटलं की बर्नी विल्यम्स. संध्याकाळी तो पुन्हा राइट फील्डमध्येच उभा राहिला, त्याच गवतावर, दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत. साडेअकरा वर्षं बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकावर खेळलेला माणूस आठव्या क्रमांकावर बॅट घेऊन आला. मैदान उभं राहिलं. त्याने शिरस्त्राण काढलं, एका बाजूला वाकून नमस्कार केला, मग दुसऱ्या बाजूला. नंतर सिंगल मारला आणि दुसरा बेस चोरला. यँकीज ४-१ जिंकले.

आपल्याकडे पुढच्याच वर्षी वानखेडेवर तेंडुलकरचा निरोप झाला. महिनाभर आधी तारीख ठरलेली, भाषण, फेरी, खेळपट्टीला हात लावून कपाळाला लावणं. देशासाठी खेळणाऱ्याला देश निरोप देतो. क्लबासाठी खेळणाऱ्याला मात्र दुपारी कळतं आणि संध्याकाळी समोरच्या बाजूने खेळायचं असतं. दोन्हींत जास्त हृदयद्रावक काय, यावर मला मत विचाराल तर मी सिअॅटल म्हणेन, आणि वानखेडेचे भक्त माझ्यावर रागावतील.

या माणसाच्या बदल्यात सिअॅटलला काय मिळालं? दोन तरुण पिचर, डी. जे. मिचेल आणि डॅनी फार्कर. मिचेल त्यानंतर मेजर लीगमध्ये कधीच दिसला नाही. फार्करने सिअॅटलसाठी तीन हंगाम बऱ्यापैकी काम केलं. इचिरोच्या उरलेल्या पगाराचा मोठा वाटाही सिअॅटलनेच उचलला. दोन हजार पाचशे तेहेतीस हिट एका पारड्यात, आणि दुसऱ्यात दीड पिचर व वर पैसे मोजणं आपल्याच खिशातून.

हे काही नवल नाही. १९७२ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने विली मेज या त्यांच्या दैवताला एक तरुण पिचर आणि रोख रक्कम घेऊन न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवलं. मेज तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि जायंट्सची तिजोरी खडखडीत. मेजने मेट्सच्या कपड्यांतला पहिला सामना जायंट्सविरुद्धच खेळला आणि त्यात होमरन मारून त्यांना ५-४ हरवलं. नियतीला असले प्रसंग लिहायची हौस असावी.

आणि उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर तेही मेट्सकडेच आहे. बॉबी बोनिया कधी तिसऱ्या बेसवर तर कधी आउटफील्डमध्ये खेळायचा. १९९९ च्या हंगामात त्याची सरासरी हजारात १६० होती आणि मेट्सला तो नकोसा झाला. त्याला ५९ लाख डॉलर देणं होतं. क्लब म्हणाला, आत्ता नको, नंतर देतो, ८ टक्के व्याजाने. ५९ लाख ८ टक्के चक्रवाढीने ११ वर्षं वाढू दिले तर १ कोटी ३७ लाखांच्या वर जातात. ते पुढे त्याच व्याजासह २५ वार्षिक हप्त्यांत वाटून द्यायचे ठरले. हप्ता ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर २० सेंट. सुरुवात १ जुलै २०११, शेवट १ जुलै २०३५. एकूण २ कोटी ९८ लाख. मुदत ठेवीची पावती जपून ठेवणाऱ्या कुठल्याही मराठी गृहस्थाने हा सौदा बघताक्षणी बोनियाच्या बाजूने सही केली असती. मेट्सच्या मालकांना मात्र वाटलं की आपले पैसे बर्नी मॅडॉफकडे गुंतवले आहेत, तिथून याहून जास्त सुटतील. मॅडॉफचा तो सगळा धंदाच पुढे फसवणुकीचा निघाला, हे जगाला माहीत आहे. इचिरो सिअॅटल सोडून गेला त्याच्या तीन आठवडे आधी बोनियाला दुसरा हप्ता मिळाला होता. शेवटचा मिळेल तेव्हा तो ७२ वर्षांचा असेल. नकोशा माणसाला निरोप द्यायला ३५ वर्षं लागतात आणि लाडक्याला एक दुपार पुरते.

पुढचा भाग सिअॅटलवाल्यांना बोचणारा. न्यूयॉर्कला गेल्यावर त्या हंगामाच्या उरलेल्या ६७ सामन्यांत इचिरोने २२७ प्रयत्नांत ७३ हिट मारले. सरासरी हजारात ३२२. साडेतीन सामन्यांमागचा तो हरवलेला हिट विमानातून उतरताच परत सापडला होता. ऑक्टोबरमध्ये यँकीज बाद फेरीत पोचले आणि अकरा वर्षांनी इचिरोने ते वातावरण पुन्हा अनुभवलं. 'बघा, आमच्याकडे नीट सांभाळला नाही' असं म्हणायची सोय झाली.

पण ही सोय फसवी आहे. २२७ प्रयत्नांत आठ-नऊ हिट इकडचे तिकडे होणं हा निव्वळ नशिबाचा खेळ असतो. नऊ हिट काढून घेतले की ३२२ चे २८२ होतात. नशिबाला जागा न देणारा आकडा पुढच्या वर्षी आला. २०१३ च्या पूर्ण हंगामात, ५२० प्रयत्नांत, यँकीजसाठी इचिरोचे हिट होते १३६. सरासरी हजारात २६२. सिअॅटलने त्याला सोडलं तेव्हा ती २६१ होती. माझा निकाल असा: सिअॅटलचा हिशेब बरोबर होता, इचिरोची विनंतीही बरोबर होती, आणि सज्जात फलक घेऊन बसणाऱ्या बाईंचं दुःखही तितकंच बरोबर होतं. तिन्ही एकदम खरं असू शकतं, हे अंकगणितात बसत नाही एवढंच.

त्याने खेळ थांबवला नाही. न्यूयॉर्क आणि मग मायामी मिळून त्याने परक्या कपड्यांत ५४७ हिट मारले. ऑगस्ट २०१६ मध्ये डेन्व्हरच्या मैदानात तीन बेसच्या फटक्याने ३,००० पुरे झाले. मेजर लीगमध्ये आजवर वीस हजारांहून जास्त माणसं खेळली, त्यांत ३,००० हिटची पायरी चढलेले फक्त ३३ आहेत आणि तो तिसावा. त्याच्या दोन महिने आधी जपान आणि अमेरिका मिळून त्याची बेरीज पीट रोझच्या ४,२५६ च्या पुढे गेली होती. ती बेरीज ग्राह्य धरायची की नाही यावर दोन्ही देशांत वाद आहे. रोझला ती मान्य नव्हती, हे सांगायला नकोच.

२०१८ साली सिअॅटलने त्याला परत बोलावलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी. नऊ हिट झाले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला तो क्लबाच्या कचेरीत सल्लागार म्हणून बसला. रोज सराव मात्र संघाबरोबरच करायचा. मार्च २०१९ मध्ये टोकियो डोममध्ये ओकलंडविरुद्ध दोन सामने खेळून, ४५ व्या वर्षी, सिअॅटलच्या कपड्यांत आणि जपानच्या मातीत त्याने बॅट ठेवली. त्या दोन सामन्यांत हिट एकही नाही. ३,०८९ चा आकडा तिथेच थांबला.

खेळातल्या थोरांच्या दालनात, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला, कुणाला घ्यायचं हे अनुभवी क्रीडापत्रकार मतं देऊन ठरवतात. जानेवारी २०२५ मध्ये इचिरोच्या बाजूने ३९४ पैकी ३९३ मतं पडली. एकमताचा मान त्याआधी एकट्या मारियानो रिव्हेराला मिळाला होता, २०१९ साली, ४२५ पैकी ४२५. इचिरोचं एक मत चुकलं. निकालानंतर पत्रकारांसमोर त्याने त्या एका लेखकाला घरी बोलावलं, बसून एक पेला घेऊ म्हणाला. जुलैमध्ये कूपर्सटाउनच्या हिरवळीवर इंग्रजीत भाषण करताना त्याने जाता जाता कळवलं की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली आहे.